मेनफ्रेमपर्यंत वाढेल असा मायक्रोप्रोसेसर: पहिल्या कोअरमध्येच काय पेरायचं

ज्यांचा स्वतःचा कोअर एफपीजीएवर (हवं ते सर्किट भरता येणाऱ्या चिपवर) लिनक्स बूट करतो आणि ज्यांना आता "याचेच चौसष्ट जोडू या की" असं वाटू लागलंय, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. माझी बरीच वर्षं बेंगळुरूला सर्व्हर प्रोसेसरच्या व्हेरिफिकेशनमध्ये गेली, त्यातली बहुतेक कॅश कोहेरन्सवर, म्हणजे वेगवेगळ्या कोअरच्या कॅशमधल्या प्रती जुळत्या ठेवण्यावर. त्यामुळे माझा कल कुठे झुकतो ते वाचताना लक्षात घ्या. पाइपलाइन किती खोल ठेवावी, ब्रँच प्रेडिक्टर कुठला लावावा, यावर चिक्कार साहित्य मिळतं; त्यावर मी इथे एक ओळही खर्च करणार नाही.

मोठ्या मशीनकडून, म्हणजे बँकांसारख्यांचे व्यवहार अखंड चालवणाऱ्या मेनफ्रेमकडून, लोकांना दोनच गोष्टी हव्या असतात. सगळ्या कोअरना एकच मेमरी दिसावी, आणि त्यातला एखादा तुकडा मेला तरी चाललेल्या कामाला पत्ता लागू नये. आयबीएमचं २०२२ चं झेड१६ बघा. टेलम नावाची चिप, तिच्यात ८ कोअर, अशा ३२ चिप एका यंत्रात. त्यातले जास्तीत जास्त २०० कोअर ग्राहकाला मिळतात. उरलेल्यांतले काही आय/ओ सांभाळतात, काही राखीव बसून असतात. २०० कोअर जोडणं हे काम आहेच, पण राखीव कोअरकडे चालू काम न सांडता सोपवता येणं हे त्याहून अवघड. आणि ते मागाहून जोडता येत नाही, त्याची सोय कोअरच्या आतच लागते.

कागदावरचे निर्णय

७ एप्रिल १९६४ ला आयबीएमने सिस्टम/३६० जाहीर केलं तेव्हा खरा डाव असा होता की सूचनासंच एक आणि यंत्रं अनेक. धाकट्या मॉडेल ३० चा अंतर्गत डेटापाथ फक्त ८ बिटांचा, मोठ्या मॉडेल ७५ चं कंट्रोल थेट सर्किटमध्ये बांधलेलं, तरी प्रोग्रॅम तोच. आर्किटेक्चर म्हणजे कागदावरचा करार आणि अंमलबजावणी म्हणजे या वर्षीचं सिलिकॉन, ही फारकत तिथे स्वच्छ झाली. तुमचा पहिला कोअर सावकाश चालला तरी चालेल. करार मात्र मोठ्या यंत्राचाच हवा.

करारात पहिलं काय बघायचं? ॲड्रेस. सिस्टम/३६० ची रजिस्टरं ३२ बिटांची, पण ॲड्रेस २४ बिटांचा, म्हणजे १६ एमबी. वरचे ८ बिट हार्डवेअर बघतच नव्हतं. जे हार्डवेअर बघत नाही ते प्रोग्रॅमर वापरतात. लोकांनी तिथे झेंडे, म्हणजे एक-एक बिटाच्या खुणा, खोचले. ऐंशीच्या दशकात ॲड्रेस वाढवायची वेळ आली तेव्हा ३२ बिट करता आला नाही, ३१ वर थांबावं लागलं, कारण सगळ्यात वरचा बिट "हा जुना की नवा ॲड्रेस" हे सांगायला लागला. ६४ बिट यायला २००० साल उजाडलं. बरं, हे बघून जग शहाणं झालं का? मोटोरोला ६८००० मध्ये तीच रचना, ३२ बिटी रजिस्टर आणि २४ बिटी ॲड्रेस, आणि मॅकिन्टॉशच्या प्रोग्रॅमरनी वरच्या बाइटमध्ये तोच उद्योग केला. एएमडीने ६४ बिटी एक्स८६ आखताना मात्र नियम घातला की न वापरलेले वरचे बिट शेवटच्या वापरातल्या बिटाचीच नक्कल असले पाहिजेत, नाहीतर ट्रॅप, म्हणजे सूचना अडवून वरच्या सॉफ्टवेअरकडे सोपवायची. रिस्क-फाइव्ह या खुल्या सूचनासंचात व्हर्च्युअल ॲड्रेसलाही हाच नियम आहे. तुमच्या डिझाइनमध्ये ही तपासणी गेट वाचवायला म्हणून काढू नका. आणि हे फक्त ॲड्रेसपुरतं नाही. कंट्रोल रजिस्टरांतले राखीव बिट, इन्स्ट्रक्शनमधल्या मोकळ्या जागा, जिथे जिथे "सध्या काही नाही" आहे तिथे तिथे वापराला मज्जाव करा.

दुसरं, मेमरी ऑर्डरिंग. एक कोअर आधी डेटा लिहितो, मग झेंडा लिहितो. दुसरा कोअर झेंडा दिसेपर्यंत थांबतो आणि मग डेटा वाचतो. त्याला नवा डेटा मिळेलच ना? एक्स८६, स्पार्कचा टीएसओ (टोटल स्टोअर ऑर्डर: एका कोअरची लिखाणं बाकीच्यांना त्याच क्रमाने दिसतात), आयबीएम झेड इथे मिळेल. डेक अल्फा, आर्म किंवा रिस्क-फाइव्हच्या मूळ नियमांत मध्ये फेन्स, म्हणजे क्रम राखायला लावणारी सूचना, घातला नसेल तर खात्री नाही. सैल नियमांनी हार्डवेअर सोपं होतं, हे खरं. पण सैल नियमांचा कोअर दोन-चार जणांच्या कळपात इतक्या क्वचित क्रम मोडतो की चुकीचं सॉफ्टवेअरही वर्षानुवर्षं बरोबर चालतं. कोअर वाढले, अंतरं वाढली, एक संदेश दुसऱ्याच्या बराच मागे पडायला लागला, की तेच सॉफ्टवेअर महिन्यातून एकदा कोसळतं आणि सगळे हार्डवेअरकडे बोट दाखवतात. बँकेचे जुने व्यवहार चालवायचे असतील तर माझं मत टीएसओला. रिस्क-फाइव्हमध्ये झेडटीएसओ नावाचं एक्स्टेन्शन त्यासाठी आहेच. स्टोअर बफर (मेमरीत जायची वाट बघणाऱ्या लिखाणाची रांग) शिस्तीत रिकामा करा, लोड आधी उचलले असतील तर कोणी ती लाइन (कॅशमधला डेटाचा तुकडा) हिसकावून नेली का यावर लक्ष ठेवा, नेली असेल तर लोड पुन्हा चालवा. एवढ्यात भागतं.

ॲटॉमिक सूचनांचं, म्हणजे मध्ये कोणी घुसू शकत नाही अशा सूचनांचं, थोडक्यात: कंपेअर अँड स्वॅप, ॲटॉमिक बेरीज हे थेट सूचना म्हणून द्या. नुसत्या लोड-रिझर्व्ह आणि स्टोअर-कंडिशनलच्या जोडीवर (वाचून मग, मध्ये कोणी लिहिलं नसेल तरच लिहायचं) राहिलात तर शंभर कोअर एका लॉकवर तुटून पडल्यावर कोणाचंच स्टोअर यशस्वी होत नाही अशी वेळ येऊ शकते. तसंच टीएलबी, म्हणजे ॲड्रेस-भाषांतराच्या कोअरने जवळ ठेवलेल्या नोंदी. एका कोअरने पेज टेबल बदललं की बाकीच्यांच्या टीएलबीतली जुनी नोंद काढायची. प्रत्येकाला इंटरप्ट पाठवून हे करणं आठ कोअरपर्यंत सोसतं, दोनशेवर नाही. आर्म आणि झेड दोघांकडे ही नोंद सगळीकडून एकदम काढायची सूचना आहे. तशीच काहीतरी सोय इंटरकनेक्टमध्ये पहिल्यापासून ठेवा.

चूक होणार, हे धरून

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसले त्या भागाकडे.

हार्डवेअरच्या बिघाडाचं माप फिट. अब्ज तासांत एक बिघाड म्हणजे एक फिट. धरून चालू की तुमची चिप १,००० फिटची आहे. म्हणजे दर दहा लाख तासांत एकदा, सरासरी ११४ वर्षांत एकदा. टेबलावरच्या कॉम्प्युटरला उत्तम. तीच चिप ३२ लावली की साधारण साडेतीन वर्षांत एकदा. आणि बाजारात तुमच्या एक लाख चिप चालू असतील तर दर दहा तासांनी कुठेतरी एक. यातला बराचसा भाग चिप कायमची बिघडण्याचा नसतोच. वैश्विक किरणांमुळे निघालेला एखादा न्यूट्रॉन येऊन कुठल्यातरी लॅचमधला (बिट धरून ठेवणाऱ्या सर्किटमधला) एक बिट उलटवून जातो, बस्स. पुन्हा तीच सूचना चालवली तर उत्तर बरोबर येतं. प्रश्न एवढाच की बिट उलटला हे तुम्हाला कळलं का, आणि चुकीचं उत्तर बाहेर पडायच्या आत कळलं का.

मेमरीचं सोपं आहे. ६४ बिटांना ८ तपासणी बिट लावले की एक बिट दुरुस्त होतो आणि दोन पकडले जातात. कॅशमध्ये मात्र विचार करून खर्च करा. पहिल्या पातळीची कॅश राइट-थ्रू ठेवली, म्हणजे प्रत्येक लिखाण लगेच खालच्या पातळीवरही गेलं, तर पहिल्या पातळीला नुसती पॅरिटी (एकांची संख्या सम की विषम हे सांगणारा एक बिट) पुरते. चूक दिसली की लाइन फेकून द्यायची आणि खालून पुन्हा आणायची. ईसीसीचा, म्हणजे वर सांगितलेल्या दुरुस्ती करणाऱ्या बिटांचा, भार सगळ्यात घाईच्या मार्गावर पडत नाही. उलट ज्या कॅशमध्ये एकमेव ताजी प्रत असू शकते तिथे पॅरिटीवर भागवणं म्हणजे चूक झाल्याचं कळणार, पण करता काहीच येणार नाही. २००० च्या सुमारास सनच्या अल्ट्रास्पार्क-२ च्या बाहेरच्या कॅशला फक्त पॅरिटी होती, आणि मोठमोठे सर्व्हर त्यापायी बंद पडत होते. मोठ्या यंत्राच्या बाकी सगळ्या गोष्टी त्यांच्याकडे होत्या, ६४ प्रोसेसरचं ई१०००० सुद्धा होतं.

कॅशच्या पुढे जाऊन गणिताच्या सर्किटांचं काय? ॲडर, मल्टिप्लायर यांना पॅरिटी लागू पडत नाही, कारण बेरजेची पॅरिटी दोन्ही आकड्यांच्या पॅरिटीवरून निघत नाही. इथे शाळेतली युक्ती कामी येते. ३४७ गुणिले २६ बरोबर ९,०२२ हे तपासायला आपण अंकांची बेरीज करायचो: ३४७ चे १४, म्हणजे ५, २६ चे ८, ५ गुणिले ८ चे ४०, म्हणजे ४. उत्तराचे अंक ९, ०, २, २, बेरीज १३, म्हणजे ४. जुळलं. ही नऊने भागल्यावरची बाकी. चिपमध्ये तीनने भागल्यावरची बाकी घेतात. चार भागिले तीन, बाकी एक. त्यामुळे बिटांच्या जोड्या पाडायच्या आणि त्या जोड्यांची बेरीज करत जायची, भागाकार कुठे करावाच लागत नाही. बाकी दोन बिटांत मावते. आता उत्तरातला कुठलाही एक बिट उलटला तर उत्तर दोनाच्या कुठल्यातरी घाताने वर किंवा खाली सरकतं. दोनाच्या कुठल्याच घाताला तीनने भाग जात नाही, म्हणजे एका बिटाची चूक सुटणं शक्यच नाही. भल्यामोठ्या मल्टिप्लायरच्या शेजारी हे एवढंसं सर्किट बसतं. मला आजही हे फार देखणं वाटतं.

याला दुसरा मार्ग म्हणजे सगळं जुळं बनवायचं. इंटेलने १९८१ च्या आयएपीएक्स ४३२ मध्ये दोन चिप जोडून एकीने काम करायचं आणि दुसरीने नुसतं पडताळायचं अशी सोय दिली होती. त्याला ते "मायक्रोमेनफ्रेम" म्हणायचे, आणि कल्पना म्हणून त्यात वावगं काही नव्हतं. पण प्रोसेसरच दोन चिपांत विभागलेला, सूचना ६ बिटांपासून ३२१ बिटांपर्यंत कुठल्याही लांबीच्या, चिपवर डेटा कॅश नाही. इतका मंद निघाला की विश्वासार्हतेचं कौतुक करायला कोणी थांबलंच नाही. आयबीएमच्या १९९८ च्या जी५ या मेनफ्रेम प्रोसेसरमध्ये तेच जुळं तंत्र एका चिपच्या आत होतं. सूचना उलगडणारं आणि चालवणारं युनिट दोन-दोनदा, दर सायकलला तुलना. २००८ च्या झेड१० मध्ये त्यांनी जुळी युनिटं काढली आणि प्रत्येक वाटेवर पॅरिटी, बाकी अशा तपासण्या पेरल्या. छोट्या टीमला माझा सल्ला उलटा: पहिल्या चिपला जुळा कोअर करा. जागा दुप्पट लागते, पण तपासणी कुठे राहून गेली का याची चिंता करत बसावं लागत नाही. वाटेवाटेवरच्या तपासण्या दुसऱ्या पिढीत.

पकडल्यावर पुढे काय, हे बहुतेक ठिकाणी ठरलेलंच नसतं. एका प्रकल्पात (नाव नको) चूक सापडली की इंटरप्ट द्यायचा, यापुढे कोणी विचार केला नव्हता. ग्राहकाकडच्या बाईंनी बैठकीत विचारलं, "मग त्या क्षणी जी एंट्री चालू होती ती पडली की नाही पडली?" खोलीत कोणालाच सांगता येईना.

उत्तर देता यावं म्हणून कोअरमध्ये एक जागा लागते जिथे शेवटच्या खात्रीशीर सूचनेपर्यंतची सगळी रजिस्टरं ईसीसीसकट जपलेली असतात. आयबीएम त्याला रिकव्हरी युनिट म्हणतं. सूचना पूर्ण झाली, तिच्या सगळ्या तपासण्या पास झाल्या, की मगच निकाल या जागेत जातो, आणि स्टोअर बफरमधलं लिखाणही तेव्हाच बाहेर सुटतं. हा "तेव्हाच" फार महत्त्वाचा. एकदा दुसऱ्या कोअरने चुकीचा डेटा बघितला की मागे जाता येत नाही. तपासणी नापास झाली तर पाइपलाइन झाडून टाकायची, पॅरिटीवर चालणाऱ्या कॅश रिकाम्या करायच्या, जपलेली रजिस्टरं परत भरायची आणि त्याच सूचनेपासून पुन्हा. फुजित्सूच्या स्पार्क६४ मध्येही सूचना पुन्हा चालवण्याची सोय आहे. पुन्हा केल्यावरही नापास झाली तर कोअर खरोखर बिघडलाय; जपलेली रजिस्टरं उचलून राखीव कोअरमध्ये ओतायची. त्यासाठी त्या जागेला कोअर बंद असतानाही बाहेरून वाचता येईल असा मार्ग हवा. आत सगळं असून हा दरवाजाच नसेल तर उपयोग नाही.

आणि जे दुरुस्त होतच नाही ते? मेमरीतल्या एका ओळीत दोन बिट गेले, तर त्या डेटावर "विषारी" असा शिक्का मारून तो तसाच पुढे जाऊ द्या. कोणी वाचलाच नाही तर काही बिघडलं नाही. वाचला तर फक्त त्या वाचणाऱ्या प्रोसेसला मारा, अख्ख्या यंत्राला नव्हे.

एकच मेमरी दिसावी म्हणून

पुण्याच्या सी-डॅकने १९९१ मध्ये परम ८००० बांधला तो ट्रान्सप्युटरवर. त्या चिपला चार लिंक असायच्या, लिंकला लिंक जोडत जा, यंत्र वाढत जातं. पण तिथे प्रत्येकाची मेमरी आपापली, देवाणघेवाण निरोप पाठवून. हवामानाच्या गणिताला ते चालतं, कारण प्रोग्रॅमरच डेटा वाटून देतो. मेनफ्रेमच्या सॉफ्टवेअरला कोणी वाटून देणार नाही. कोणत्याही कोअरने कुठलाही बाइट मागितला की ताजी प्रत मिळाली पाहिजे.

कमी कोअर असताना सगळ्यांना विचारणं स्वस्त पडतं. आठ जणांनी एकेक वेळ विचारलं तर ५६ प्रश्न; बत्तीस जणांनी विचारलं तर ९९२. एएमडीचा ऑप्टेरॉन २००३ मध्ये असाच सगळ्यांना विचारत ८ सॉकेटपर्यंत गेला, आणि २००९ मध्ये त्यांना ६ एमबी एल३ (तिसऱ्या पातळीच्या कॅश) पैकी १ एमबी "कोणाकडे काय आहे" याची वही ठेवायला द्यावी लागली. ही वही म्हणजे डिरेक्टरी. हिचा हिशोब आधी करा. ६४ बाइटची लाइन म्हणजे ५१२ बिट. ६४ कोअरसाठी प्रत्येकी एक बिट ठेवला तर साडेबारा टक्के जागा वहीतच गेली. आयबीएम झेडची लाइन २५६ बाइटची, तिथे तोच खर्च सुमारे तीन टक्के. पण लाइन मोठी केली की दोन कोअर वेगवेगळ्या बाइटवर काम करतानाही एकाच लाइनसाठी भांडतात. फुकट काही नाही. मधला मार्ग म्हणजे चिपनिहाय नोंद: वरच्या वहीत फक्त चिप कोणती, आत कोणता कोअर हे त्या चिपने बघावं.

आता एक शर्यत जवळून बघा, कारण या विषयातली निम्मी दुखणी हिच्याच जातीची असतात. कोअर अ कडे एका लाइनची एकमेव ताजी प्रत आहे. त्याला जागा हवी म्हणून तो ती मेमरीकडे परत पाठवतो. तेवढ्यात कोअर ब तीच लाइन मागतो. डिरेक्टरीला परत पाठवलेला डेटा अजून पोचलेला नाही, तिच्या वहीत मालक अ च आहे, म्हणून ती अ ला विचारते. अ म्हणतो, माझ्याकडे नाही. मग डिरेक्टरी मेमरीतली शिळी प्रत ब ला देते. मेला व्यवहार.

उपाय: डिरेक्टरीची पोच येईपर्यंत अ ने लाइन एका बाजूच्या बफरमध्ये धरून ठेवायची आणि विचारणा आली तर तिथून उत्तर द्यायचं. मग डिरेक्टरीकडे असा डेटा येऊ शकतो ज्याचा मालक आता अ नाहीच; तिने तो टाकून द्यायचा, पण पोच मात्र द्यायचीच, नाहीतर अ चा बफर जन्मभर अडकतो. आणि पोच एका वाटेने, विचारणा दुसऱ्या वाटेने जात असेल तर पोच पुढे निघून जाते, अ बफर मोकळा करतो, मागून विचारणा येते, आणि आपण पुन्हा पहिल्या जागी. म्हणून एकाच जोडीतल्या पोच आणि विचारणा यांचा क्रम राखा, किंवा विचारणेचं उत्तर आल्याशिवाय पोच देऊ नका. विनंती, विचारणा आणि उत्तरं यांचे मार्ग स्वतंत्र ठेवा, आणि उत्तर आलं की ते घ्यायला जागा आधीच राखलेली असू द्या, म्हणजे सगळे एकमेकांची वाट बघत बसणार नाहीत.

टेलमने यात मला आवडलेली एक चाल खेळली. प्रत्येक कोअरची एल२ ३२ एमबी, वेगळी एल३ नाहीच. एकाच्या एल२ मधून बाहेर पडलेली लाइन शेजाऱ्याच्या एल२ मध्ये जागा शोधते, आणि ती तिथे एल३ म्हणून राहते: आठ जणांची मिळून २५६ एमबी. यंत्राच्या एका ड्रॉवरमधल्या (खणातल्या) आठ चिप मिळून २ जीबीची चौथी पातळी. पहिल्या प्रयत्नात याच्या वाटेला जाऊ नका. व्हेरिफिकेशनचं काम अफाट वाढतं.

आय/ओ आणि विभागणी

थोडक्यात. आय/ओ चं कष्टाचं काम मुख्य कोअरवर टाकू नका. सिस्टम/३६० पासून ते चॅनेलकडे, म्हणजे आय/ओ साठीच्या वेगळ्या यंत्रणेकडे, असतं आणि आजच्या झेडमध्ये त्यासाठी वेगळे कोअर राखलेले असतात. डीएमए (उपकरणांनी कोअरला न विचारता थेट मेमरी वाचणं-लिहिणं) कोहेरंट ठेवा आणि त्याच्या ॲड्रेसनाही भाषांतर आणि मज्जाव लावा. व्हर्च्युअलायझेशनसाठी, म्हणजे एका यंत्रात अनेक यंत्रं भासवायला, नियम १९७४ पासून माहीत आहे: यंत्राच्या नियंत्रणाची स्थिती वाचणारी किंवा बदलणारी कुठलीही सूचना खालच्या पातळीवर ट्रॅप झाली पाहिजे. रिस्क-फाइव्हचं हायपरव्हायजर एक्स्टेन्शन घ्या, स्वतःचं काढू नका.

काम कुठून सुरू करायचं

६४ कोअरचं मॉडेल पहिल्या महिन्यात बांधू नका. दोन कोअर, एक डिरेक्टरी, आणि कॅश मुद्दाम चिमुकली: चार लाइनची. मोठ्या कॅशमध्ये वर सांगितलेली शर्यत सिम्युलेशनमध्ये कधी दिसणारच नाही. चार लाइनच्या कॅशमध्ये दर काही शे सायकलींनी दिसेल. इंटरकनेक्टमध्ये प्रत्येक संदेशाला मनमानी उशीर घाला. ऑर्डरिंगचे छोटे दोन-कोअरी प्रोग्रॅम, लिटमस टेस्ट म्हणतात त्यांना, रात्रभर फिरवा. मग तिसरा कोअर जोडा. दोघांत न दिसणाऱ्या बऱ्याच शर्यतींना तिसरा लागतो. प्रोटोकॉल मॉडेल चेकरमध्येही (सगळ्या शक्यता तपासून बघणाऱ्या साधनात) लिहा. तिथे तीन कोअर आणि दोन लाइन एवढ्यावर पुष्कळ काही सापडतं.

चुका पेरायचं कामही याच वेळी सुरू करा, टेपआउटच्या, म्हणजे डिझाइन कारखान्याकडे पाठवण्याच्या, आदल्या महिन्यात नव्हे. सिम्युलेशनमध्ये कुठल्याही सायकलला कुठलाही लॅच उलटवा आणि निकाल तीन रकान्यांत मांडा: काहीच फरक पडला नाही, पकडलं आणि सावरलं, पकडलं नाही आणि उत्तर चुकलं. तिसऱ्या रकान्यातला प्रत्येक लॅच नावानिशी काढा आणि तो कोणाच्या ब्लॉकमधला आहे ते त्याच्यापुढे लिहून सोमवारच्या मीटिंगमध्ये ठेवा. बहुतेक वेळा तो कंट्रोल लॉजिकमधला निघतो, स्टेट मशीन किंवा रांगेचा पॉइंटर, कारण डेटाला पॅरिटी लावायचं सगळ्यांच्या लक्षात असतं, पॉइंटरला लावायचं कोणाच्याच नसतं.